जागल्याला थारा



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला पाचारण केले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलू अशी त्यांची समजूत होती. ती वावगी नव्हती. तीस वर्षे गेटसभा घेण्यात आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. दुसरे आम्हांला येते तरी काय? तथापि आज घेतलेला विषय वरवर पाहता फार लांबचा आहे. एखाद्या सरकारच्या चाकराने आपल्याच सरकारचे बिंग जगापुढे फोडले आणि तो देश सोडून पळाला, तर त्याला थारा कोण देतो, आणि जो देतो तो कशासाठी देतो, हा तो विषय. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. जे वाचले ते रात्री, युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून वाचले. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नये. हिशेब मात्र चोख मांडण्याचा प्रयत्न करू.

अशा माणसाला अलीकडे मराठी वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द योजला आहे, आणि तो आम्हांला आवडतो. जुन्या गावगाड्यात जागल्या म्हणजे रात्री गस्त घालणारा, चोर दिसला की हाकाटी करणारा. फरक इतकाच, की गावच्या जागल्याला चोर वेशीबाहेरून येताना दिसे. आमच्या या नव्या जागल्याला तो पाटलाच्या वाड्यातच दिसतो. मग हाकाटी कोणापुढे करायची? आणि केल्यावर रात्र कोठे काढायची?

हा प्रश्न आम्हांला प्रथम पडला तो परराष्ट्रांच्या राजकारणात नव्हे. १९९८ च्या सुमारास एका औद्योगिक वसाहतीत आमची युनियन नुकती उभी राहत होती. तेथल्या एका कारखान्यात पगारपत्रके करणारा एक कारकून एका रात्री आमच्या खोलीवर आला. कामगारांच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणी दरमहा कापली जात होती, पण भरली जात नव्हती. त्याने रजिस्टराची नक्कल स्वतःच्या हाताने उतरून आणली होती. चौदा पाने होती, अक्षर मोत्यासारखे. दुसऱ्या दिवशी आम्ही ती पाने जशीच्या तशी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. फंड भरला गेला, कामगारांनी आम्हांला हार घातले, आणि आठ दिवसांत मालकाने अक्षर ओळखले. माणसाची नोकरी गेली, वर कागद चोरल्याची फिर्याद. त्याला कोठेतरी चिकटवावे म्हणून आम्ही महिनाभर वणवण केली. शेजारच्या तालुक्यातली आमची स्नेही संघटना म्हणाली, आमचा करार सहीला आला आहे, एवढ्यात हे लचांड नको. अखेर त्याला काम दिले ते त्याच धंद्यातल्या दुसऱ्या मालकाने, आणि पहिल्याच दिवशी चहा पाजून विचारले, ‘‘तिकडचा माल कोणाला, काय भावाने जातो?’’

ही गोष्ट सोबत ठेवून पुढे जाऊ.

आश्रय देणे म्हणजे निव्वळ दया, असे आपल्याला लहानपणापासून वाटत आले आहे. परंतु आपल्याच पुराणांत ते इतके भोळे नाही. बिभीषण लंकेतून निघून समुद्रकाठी आला, तेव्हा रामाच्या छावणीत रीतसर खल झाला. सुग्रीव म्हणाला, हा शत्रूचा भाऊ, हेर असेल, ठार करा. हनुमान म्हणाला, घ्यावा. रामाने शरणागताला अभय दिले, ही गोष्ट कीर्तनकार सांगतात. पण त्याच बैठकीत रामाने त्याला लंकेच्या बळाची माहिती विचारली आणि समुद्राच्या पाण्याने त्याला लंकेचा राजा म्हणून अभिषेक करविला, हेही त्याच कथेत आहे. म्हणजे धर्म होता आणि राजकारणही होते. आणि बिभीषणाने न्यायाची बाजू घेतली हे मान्य करूनही आपण आपल्या पोराचे नाव बिभीषण ठेवत नाही! घरभेद्याविषयी माणसाच्या मनात असा दुहेरी भाव असतो, आणि तो आजच्या सर्व सरकारांच्याही मनात आहे.

आता कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांचा १९४८ सालचा मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्याचे चौदावे कलम. छळापासून सुटण्यासाठी अन्य देशांत आश्रय मागण्याचा व उपभोगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असे ते म्हणते. मागण्याचा हक्क आहे; तो मिळण्याचा हक्क आहे, असे मात्र कलमात कोठेही नाही. करार वाचण्याची सवय असलेल्या माणसाला असली गाळलेली जागा लगेच दिसते. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या जिनिव्हा कराराने वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपायी होणाऱ्या छळाचा विचार केला. सरकारी गुपित फोडल्याबद्दल खटला भरला जाणे हा राजकीय मतासाठी छळ, की साध्या गुन्ह्याची साधी शिक्षा? करार यावर गप्प आहे. १९६७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आणखी एक घोषणा केली, की आश्रय देणे हे शांततेचे व माणुसकीचे कृत्य असून दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राने ते शत्रुत्वाचे मानू नये. किती सुंदर वाक्य! ते किती पाळले जाते ते पाहूच.

मोठ्या राष्ट्रांच्या दोस्तीपुढे आश्रयाचे काय होते, याचा एक जुना दाखला आपल्या घरचाच आहे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून विनायक दामोदर सावरकरांनी टाकलेली उडी महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. सावरकरांच्या राजकारणाविषयी या मंडपात दोन मते असतील. आमचेही एक आहे, ते आज नको. पण उडीनंतरचा खटला सहसा कोणी वाचत नाही, तो वाचण्यासारखा आहे. धक्क्यावर चढल्यावर ते फ्रान्सच्या भूमीवर होते. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि इंग्रजांच्या माणसांच्या हाती दिले. कार्ल मार्क्सचा नातू जाँ लोंगे याने ‘ल्युमानिते’ या समाजवादी पत्रातून हे प्रकरण लावून धरले, तेव्हा फ्रेंच सरकारला बंदी परत मागणे भाग पडले. वाद हेगच्या लवादाकडे गेला. दरम्यान डिसेंबर १९१० मध्ये इकडे जन्मठेप ठोठावूनही झाली. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निकाल दिला: स्वाधीन करताना गैररीत झाली खरी, परंतु तेवढ्यावरून बंदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. फ्रान्स आणि ब्रिटन यांचा सलोखा १९०४ पासून जमत आला होता. एका हिंदी कैद्यासाठी तो मोडावा, असे पॅरिसमध्येही कोणाला मनापासून वाटत नव्हते.

एकशेतीन वर्षांनी याच गोष्टीचा दुसरा प्रयोग झाला, आणि या वेळी रंगभूमी सबंध पृथ्वी होती.

मे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन नावाचा २९ वर्षांचा अमेरिकन हवाई बेटांवरून हाँगकाँगला उतरला. एनएसए या अमेरिकन हेरखात्याच्या यंत्रणेत तो काम करीत असे. पण खात्याचा पगारी नोकर नव्हे, बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या ठेकेदार कंपनीचा माणूस. आमच्या भाषेत कंत्राटी कामगार! ५ जून रोजी लंडनच्या ‘गार्डियन’ पत्रात पहिली बातमी आली. व्हेरायझन या टेलिफोन कंपनीच्या लक्षावधी गिऱ्हाइकांच्या फोनांची नोंद, म्हणजे कोणी कोणाला केव्हा किती वेळ फोन केला हे, एका गुप्त न्यायालयाच्या हुकुमाने रोजच्या रोज सरकारकडे जात होते. पुढे आणखी कागद बाहेर पडले. त्यात एक तक्ता असा होता, की मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६३० कोटी नोंदी उचलल्या गेल्या. या बाबतीत आपला नंबर जगात पाचवा होता. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या खिशात त्या महिन्यात मोबाइल फोन असेल, म्हणून सांगितले.

स्नोडेनने ९ जून रोजी स्वतःचे नाव स्वतःच जाहीर केले. अमेरिकेने त्याच्यावर सरकारी मालमत्तेची चोरी आणि १९१७ च्या हेरगिरीच्या कायद्याखाली दोन कलमे लावली. हा कायदा पहिल्या महायुद्धातला. ‘मी हे लोकहितासाठी केले’ असा बचाव त्याखाली आरोपीला मांडू देत नाहीत. गुपित वैऱ्याला विकणारा आणि वर्तमानपत्राला देणारा, दोघांना एकच फूटपट्टी.

हाँगकाँगमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली हसू येण्यासारखी. अमेरिकेने अटकेसाठी पाठवलेल्या कागदांत त्याचे मधले नाव जुळेना. खरे नाव जोसेफ, कागदांत एके ठिकाणी जेम्स. आणि पासपोर्टाचा नंबरही नाही. हाँगकाँग सरकारने शांतपणे उत्तर दिले, की कागद कायद्याबरहुकूम पूर्ण नाहीत, सबब या गृहस्थास थांबवण्यास आधार नाही. नावातल्या चुकीवरून कामगाराचा फंड वर्षानुवर्षे अडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाटेल, कारकुनी चुकीचा असाही उपयोग होतो तर! अर्थात मागे बीजिंगची मर्जी होती, हे उघड आहे. चीनलाही ही बला आपल्या अंगणात नको होती.

दुसरी गोष्ट पुष्कळ दिवस गुप्त होती. नाव जाहीर झाल्यावर हॉटेल सोडून स्नोडेन सुमारे दोन आठवडे कोठे राहिला? ज्यांचे स्वतःचे आश्रयाचे अर्ज हाँगकाँगमध्ये वर्षानुवर्षे पडून होते, अशा श्रीलंका आणि फिलिपाइन्समधल्या निर्वासितांच्या खुराड्यांत. काम करण्याची परवानगी नाही, सरकारी शिध्यावर दिवस काढायचे, एका खोलीत लेकरेबाळे. त्यांनी त्या खोलीतले अंथरूण या परक्याला दिले. जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता ज्याच्या मागावर होती, त्याला पहिला आश्रय कोणत्या राष्ट्राने दिला असे विचाराल, तर उत्तर हे आहे. ज्यांना राष्ट्र नव्हते त्यांनी दिला.

२३ जून रोजी तो मॉस्कोच्या विमानात बसला. बेत असा होता, की मॉस्कोहून हवाना आणि तेथून पुढे इक्वेडोर. पण आदल्या दिवशीच अमेरिकेने त्याचा पासपोर्ट रद्द केला होता. दुसऱ्या दिवशी हवानाच्या विमानात पत्रकारांची झुंबड उडाली. ते उडाले आणि आत पाहतात तो सतरा-अ क्रमांकाची खुर्ची रिकामी! स्नोडेन शेरेमेत्येवो विमानतळाच्या पारगमन विभागात अडकला होता. तेथे तो ३९ दिवस राहिला. रशियाच्या भूमीत शिरला नाही असे रशिया म्हणे, आणि बाहेर पडायला कागद नाही. त्याला रशियात अडकवला तो अमेरिकेच्याच शिक्क्याने. आणि पुढे ‘हा बघा रशियाला जाऊन मिळाला’ अशी ओरड करणारेही तेच.

तेथून त्याने एकूण २१ देशांकडे आश्रय मागितला. उत्तरांचे नमुने पाहण्यासारखे आहेत. ऑस्ट्रिया, फिनलंड, नॉर्वे, स्पेन, आयर्लंड म्हणाले, अर्ज आमच्या भूमीवर येऊन करावा लागतो. बुडत्याने काठावर येऊन दोरी मागावी, असला हा नियम! जर्मनीने नकार दिला, ब्राझीलने दाद दिली नाही. पुतिन म्हणाले, राहायचे तर आमच्या अमेरिकन भागीदारांना अपाय करणे थांबवावे लागेल. तेव्हा स्नोडेनने रशियाकडचा अर्ज मागे घेतला. गंमत अशी, की सप्टेंबरात ब्राझीलच्या अध्यक्षा डिल्मा रूसेफ यांना आपलीच पत्रे वाचली जात असल्याचे कळले आणि त्यांनी वॉशिंग्टनची शाही भेट पुढे ढकलली. ऑक्टोबरात जर्मनीच्या चॅन्सेलर मेर्केल यांच्या स्वतःच्या फोनवर कान असल्याचे उघड झाले. ज्याच्या कागदांमुळे हे त्यांना कळले, त्याला तरीही दार उघडले नाही.

आणि भारत? मॉस्कोतल्या आपल्या वकिलातीकडेही अर्ज आला. २ जुलै रोजी परराष्ट्रखात्याच्या प्रवक्त्याने सांगितले, की अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला, तो मान्य करण्याचे कारण दिसत नाही. अर्ज ३० जूनचा. म्हणजे काळजीला दोन दिवस पुरले. परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी त्याच सुमारास सांगितले, की अमेरिकेचे हे काम म्हणजे खरी टेहळणी नव्हे, केवळ फोनांच्या आकृतिबंधाचे संगणकी पृथक्करण आहे. १९५९ साली याच देशाने दलाई लामांना आणि त्यांच्यामागून आलेल्या हजारो तिबेटी लोकांना थारा दिला होता, तोही १९५१ च्या करारावर सही न करता. बलाढ्य शेजाऱ्याचा रोष पत्करून. तेव्हा जमले ते २०१३ मध्ये का जमले नाही? आम्हांला दिसते ते असे. दलाई लामांना आश्रय देताना दुसऱ्याच्या राज्याविरुद्ध गाऱ्हाणे ऐकायचे होते. जागल्याला आश्रय द्यायचा, तर उद्या आपल्याच कचेरीतला कारकून उठून उभा राहील, ही भीती. आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेने केला. पण तो अंमलात आणण्याचा मुहूर्त त्यानंतर वर्षानुवर्षे कोणत्याही पक्षाच्या सरकारला सापडला नाही.

त्याच २ जुलैच्या रात्री जे झाले, त्याने १९६७ च्या त्या सुंदर वाक्याची परीक्षा झाली. बोलिव्हियाचे अध्यक्ष एव्हो मोरालेस मॉस्कोतल्या नैसर्गिक वायूच्या परिषदेहून घरी निघाले होते. मोरालेस मूळचे कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या युनियनचे पुढारी. म्हणजे आमच्याच बिरादरीतले. कोणीतरी कुजबुज केली, की स्नोडेन त्यांच्या विमानात आहे. झाले! फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या आकाशात वाट मिळेना, इंधन संपत आले, आणि एका स्वतंत्र राष्ट्राच्या अध्यक्षाला व्हिएन्नात उतरावे लागले. सुमारे १४ तास ते तेथे अडकले. ऑस्ट्रियाचे अध्यक्ष हाइन्झ फिशर सकाळी विमानतळावर जाऊन त्यांच्याशेजारी बसले, तेव्हा कोठे थोडी लाज राखली गेली. विमानात स्नोडेन नव्हता. पुढे स्पेनचे परराष्ट्रमंत्री म्हणाले, तो आत आहे असे आम्हांला सांगण्यात आले होते. कोणी सांगितले? ते त्यांनी सांगितले नाही. फ्रान्सने दिलगिरी व्यक्त केली.

या अपमानाचा परिणाम उलटा झाला. आठवडा संपायच्या आत व्हेनेझुएला, निकाराग्वा आणि बोलिव्हिया या तिघांनी आश्रय देऊ केला. लॅटिन अमेरिकेत आश्रयाची परंपरा जुनी आहे. तेथे क्रांत्या आणि लष्करी बंडे इतकी झाली, की आजचा मंत्री उद्या कोणाच्या तरी वकिलातीत लपणार हे ठरलेले. म्हणून सर्वांनी मिळून नियम करून ठेवले. पेरूचे पुढारी आया दे ला तोरे ३ जानेवारी १९४९ रोजी लिमा येथील कोलंबियाच्या वकिलातीत शिरले. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, आणि १९५० व १९५१ च्या निकालांचे सार असे निघाले: दिलेला आश्रय नियमाला धरून नाही, तो संपला पाहिजे, पण माणसाला पेरूच्या हवाली करण्याचे बंधन कोलंबियावर नाही. मग आश्रय संपवावा कसा? ते तुमचे तुम्ही बघा! गृहस्थ १९५४ च्या एप्रिलपर्यंत, पाच वर्षांहून अधिक काळ, त्या इमारतीत राहिले.

पण परंपरेला पोटही असते. इक्वेडोरचे उदाहरण आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ते आमच्या धंद्याचे आहे. अमेरिकेत धमकी निघाली, की स्नोडेनला घ्याल तर व्यापारातली जकातीची सवलत काढू. २७ जून रोजी राष्ट्राध्यक्ष कोरेआ यांच्या सरकारने बाणेदारपणे सवलत स्वतःच सोडली, आणि वर अमेरिकेलाच मानवी हक्कांच्या शिक्षणासाठी वर्षाला २ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले! वाचताना आम्ही टाळी वाजवली. पण ती सवलत कशावर होती? गुलाबाची फुले, ब्रोकोली, ट्यूना मासळी. त्या गुलाबाच्या बागांत खुडणीला जाणाऱ्या बायांना या बाणेदारपणात कोणी विचारले होते काय? दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा फोन आला. त्यानंतर कोरेआ म्हणू लागले, की स्नोडेन आता रशियाच्या हातात आहे. आम्ही कोरेआंना भित्रे म्हणणार नाही. शेजारच्या तालुक्यातल्या आमच्या मित्रांचा करार सहीला आला होता, तेव्हा आम्ही त्यांना भित्रे म्हटले होते, आणि ती आमची चूक होती.

याच इक्वेडोरने ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनच्या वकिलातीत ज्युलियन असांज याला आश्रय दिला होता. असांज सरकारी नोकर नव्हे, छापणारा. पण प्रकरण त्याच कुळीचे. कोरेआ गेले, मोरेनो आले. नव्या सरकारला वॉशिंग्टनशी जमवून घ्यायचे होते. मार्च २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने इक्वेडोरला ४२० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, आणि ११ एप्रिल रोजी वकिलातीचे दार उघडून ब्रिटिश पोलिसांना आत बोलावले गेले. एकातून दुसरे निघाले असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. तारखा तेवढ्या सांगतो. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. पुढे पाच वर्षे तुरुंगात काढून जून २०२४ मध्ये सायपान बेटावरच्या कोर्टात एक गुन्हा कबूल केल्यावर असांज सुटला.

आता रशियाकडे. व्हेनेझुएलाने देऊ केले, पण जायचे कसे? मोरालेस यांच्या विमानाची गत सर्वांनी पाहिली होती. पुतिन यांना हे ओझे सुरुवातीला नकोसे होते. जूनमध्ये ते म्हणाले होते, की हे काम डुकराच्या पिलाची लोकर कातरण्यासारखे आहे: किंकाळ्या फार, लोकर थोडी. अमेरिकेचे कायदामंत्री एरिक होल्डर यांनी २३ जुलै रोजी रशियाच्या न्यायमंत्र्यांना पत्र पाठवले, की आम्ही त्याला फाशी मागणार नाही, त्याचा छळ करणार नाही, आणि सरळ घरी येण्यापुरता पासपोर्टही देऊ. ज्या राष्ट्राला ‘आम्ही छळ करणार नाही’ असे लेखी द्यावे लागते, त्याची पत केवढी उतरली होती हे त्या पत्रात दिसते. १ ऑगस्ट रोजी रशियाने एक वर्षाचा तात्पुरता आश्रय दिला. सहा दिवसांनी ओबामांनी पुतिन यांच्याशी मॉस्कोत ठरलेली भेट रद्द केली. आश्रय देणे शत्रुत्वाचे मानू नये, नाही का?

रशियाला लोकर किती मिळाली? स्नोडेन सांगत आला, की सर्व कागद हाँगकाँगमध्ये पत्रकारांना दिले, रशियात काहीच नेले नाही. विरुद्ध बाजूचे म्हणतात, नागरिकांवरच्या पाळतीपेक्षा पुष्कळ अधिक, परकी सत्तांवर नजर ठेवण्याच्या रास्त कामाचेही कागद त्याने नेले. २०१६ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने तसा कडक ठपका ठेवला. तेही ऐकले पाहिजे. पण रशियाला गुपितांची गरज नव्हतीच, असे आमचे मत आहे. स्वतःच्या देशातल्या पत्रकारांना आणि विरोधकांना धड जगू न देणाऱ्या सरकारला, ‘पाहा, अमेरिकेचा छळलेला माणूस आमच्या दारी’ असे म्हणता आले, हाच नफा. १९६० सालीही असेच झाले होते. त्याच एनएसएचे दोन कर्मचारी, मार्टिन आणि मिचेल, मॉस्कोला गेले आणि अमेरिका मित्रदेशांवरही पाळत ठेवते असे त्यांनी पत्रकार परिषदेत सांगितले. ते जे बोलले ते खरे होते; पण मॉस्कोत बोलले म्हणून पश्चिमेत कोणी कानांवर घेतले नाही.

मग त्याने घरीच थांबून खटला का लढवला नाही, असा प्रश्न सभांतून हमखास येतो. व्हिएतनाम युद्धाचे कागद फोडणाऱ्या डॅनिएल एल्सबर्गचा दाखला देतात. तो थांबला आणि मे १९७३ मध्ये खटला रद्द होऊन सुटला. याचे उत्तर खुद्द एल्सबर्गने जुलै २०१३ मध्ये लिहून दिले, की माझा काळ निराळा होता, स्नोडेनने देश सोडला ते योग्यच केले. एल्सबर्ग खटला चालू असताना जामिनावर मोकळा होता, सभांतून बोलत होता. उलट स्नोडेनला आश्रय मिळाल्यावर तीन आठवड्यांनी, अमेरिकी लष्कराचे कागद फोडल्याबद्दल चेल्सी मॅनिंगला ३५ वर्षांची शिक्षा झाली. ओबामांनी जाता जाता, २०१७ मध्ये, ती कमी केली.

आणि ज्याबद्दल हे सारे रामायण, त्या फोनांच्या नोंदींचे काय झाले? मे २०१५ मध्ये अमेरिकेच्याच एका अपील न्यायालयाने सांगितले, की असा सरसकट संग्रह कायद्यात बसत नाही. जूनमध्ये संसदेने कायदा बदलला. सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयानेही तेच म्हटले. फंड भरला गेला, म्हणा. युरोपच्या संसदेने ऑक्टोबर २०१५ मध्ये २८५ विरुद्ध २८१ मतांनी ठराव केला, की सदस्यराष्ट्रांनी स्नोडेनवरील आरोप सोडून द्यावेत आणि त्याला संरक्षण द्यावे. ठराव बंधनकारक नव्हता. एकाही राष्ट्राने काही केले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धासाठी रशियात सैन्यभरतीचा हुकूम निघाल्यावर पाचव्या दिवशी, पुतिन यांनी त्याला रशियाचे नागरिकत्व दिले.

हाँगकाँगच्या त्या निर्वासितांविषयी राहिले. त्यांची नावे २०१६ मध्ये बाहेर आली आणि पुढच्या वर्षी त्यांचे आश्रयाचे अर्ज हाँगकाँगने फेटाळले. फिलिपाइन्सची माता आणि तिची लहान मुलगी यांना २०१९ मध्ये कॅनडाने घेतले. श्रीलंकेचे चौघांचे कुटुंब २०२१ च्या सप्टेंबरात तेथे पोहोचले. आठ वर्षे लागली.

आमचा कारकून त्या दुसऱ्या मालकाकडे निवृत्त होईपर्यंत राहिला. भाव सांगितले की नाही, हे आम्ही त्याला कधी विचारले नाही. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात पंगतीला तो शेजारी आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने सहज विचारले, ‘‘साहेब, तेव्हा तुमच्या कचेरीत टाइपरायटर होता ना?’’

होता. चौदा पाने टाइप करायला एक रात्र पुरली असती.